नाव टाक आणि मोकळी हो!

आपण इंजिनिअरिंगवाल्यांना साच्याचं वावडं कधीच नव्हतं. पहिल्या सेमिस्टरच्या जर्नलपासून आपलं शिक्षण साच्यातूनच चालतं. उद्देश, साहित्य, सिद्धांत, निरीक्षण, निष्कर्ष... मागच्या वर्षीची फाइल समोर ठेवायची, रोल नंबर तेवढा आपला! मी तर त्याही आधीपासून तयार झालेली. आमच्या संग्रामपूरकडे इंग्रजी माध्यमाच्या कुठल्याही शाळेला कॉन्व्हेंट म्हणतात, तिथे नन असो की नसो. माझ्या कॉन्व्हेंटमध्ये रजेचा इंग्रजी अर्ज पाठ करून घेतला होता. ताप आलेला असो की मावशीचं लग्न असो, पहिली दोन वाक्यं तीच. मराठी मात्र कोणी पाठ करून घेतली नाही, त्यामुळे ह्या लेखातले ऱ्हस्व-दीर्घ संपादक मंडळाने सांभाळून घ्यावेत ही विनंती.

तेव्हा मी साच्यांच्या विरोधात लिहिणार असं कोणाला वाटलं असेल तर तसं नाही. माझी तक्रार वेगळी आहे. जावास्क्रिप्टचं नवं पॅकेज सुरू करताना आपण जो तयार साचा उचलतो, तो दुसऱ्या कोणाच्या तरी जगासाठी बनलेला असतो. त्यात आपलं गाव मावतं का, हे कोणीच बघत नाही.

मेकॅनिकल-सिव्हिलच्या मित्रांनी पान उलटू नये म्हणून थोडक्यात सांगते. जावास्क्रिप्ट ही भाषा ब्रेंडन आइकने १९९५ मध्ये नेटस्केपच्या ब्राउझरसाठी केली. २००९ मध्ये रायन डालने नोड आणलं आणि ही भाषा ब्राउझरच्या बाहेर, सरळ कॉम्प्युटरवर चालायला लागली. २०१० मध्ये आयझॅक श्लूटरने एनपीएम केलं. एनपीएम म्हणजे जगभरातल्या लोकांनी लिहिलेल्या छोट्या-मोठ्या कामांचं एक प्रचंड कोठार. त्यातल्या एकेका गाठोड्याला पॅकेज म्हणतात. आपणही आपलं गाठोडं बांधून तिथे ठेवू शकतो, परीक्षा नाही, मुलाखत नाही, फी नाही. संग्रामपूरच्या पोरीसाठी ही गोष्ट लहान नाही हे आधीच मान्य करून टाकते.

गाठोडं बांधायला सुरुवात होते ती 'एनपीएम इनिट' ह्या आज्ञेने. ती आठ-दहा प्रश्न विचारते. नाव काय, आवृत्ती कोणती, कशाबद्दल आहे, मुख्य फाइल कोणती, चाचणी कशी घ्यायची, लेखक कोण, लायसन्स कोणतं. उत्तरं 'पॅकेज.जेसन' नावाच्या फाइलमध्ये जाऊन बसतात. नुसतं एंटर एंटर दाबत गेलात तरी फाइल तयार होते, आवृत्ती १.०.० पडते आणि लायसन्सच्या जागी आयएससी येतं. चाचणीच्या जागी काय येतं ते मात्र मला फार आवडतं. तिथे एक ओळ येते जी चालवली की 'चूक: चाचणी दिलेली नाही' अशा अर्थाचा इंग्रजी संदेश छापते आणि नापास होऊन बाहेर पडते. म्हणजे कोऱ्या पॅकेजमध्ये एनपीएमने स्वतःहून टाकलेली पहिली गोष्ट ही की बाई गं, तू अजून काही तपासलेलं नाहीस. एवढा प्रामाणिक साचा मी दुसरा पाहिलेला नाही!

पण हा कोरा साचा कोणाला पुरत नाही. मग लागतात फोल्डर, कोड नीट आहे का बघणारं साधन, चाचण्यांची व्यवस्था, जुन्या ब्राउझरसाठी रूपांतर, रीडमी, लायसन्सची फाइल. हे सगळं एकदा मांडून ठेवायचं आणि पुढच्या प्रत्येक वेळी त्याची प्रत काढायची, हाच तो पुन्हापुन्हा वापरायचा साचा. गिटहबने २०१९ पासून त्यासाठी वेगळी सोयच दिली आहे, रिपॉझिटरीला 'टेम्प्लेट' म्हणून खूण करा, बाकीच्यांना एका बटणावर प्रत मिळते. आपल्या कॉलेजात अर्थातच ह्याचा मार्ग पेन ड्राइव्हचा. कुठल्याशा बॅचच्या कोणा सीनियरने बनवलेला किंवा कुठून तरी आणलेला एक फोल्डर आहे, तो हॉस्टेलमधून हॉस्टेलमध्ये फिरतो. माझ्यापर्यंत आला तेव्हा त्यात लेखक म्हणून ज्याचं नाव होतं त्याला आमच्यापैकी कोणी ओळखतही नव्हतं. मी ओळ न् ओळ वाचत बसले तर रूममेट म्हणाली, "काऊन वं, एवढी डोकेफोड? तयार आहे नं सगळं. नाव टाक अन् मोकळी हो!"

आता मला पॅकेज कशाला हवं होतं ते सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आमचा भाग पूर्णेच्या खोऱ्यातला, खारपाणपट्ट्याला लागून. अकोला, अमरावती, बुलडाणा ह्या तीन जिल्ह्यांत हा पट्टा पसरलाय. जमिनीखालचं पाणी खारट, आणि किडनीच्या आजारांमुळे संग्रामपूर-जळगाव जामोदची नावं वर्तमानपत्रांत वर्षानुवर्षं येत आली आहेत. जानेवारी २०२५ मध्ये शेजारच्या शेगाव तालुक्यातल्या काही गावांत माणसांचे केस अचानक गळायला लागले, तेव्हाही सगळ्यांचा पहिला संशय पाण्यावरच गेला होता. त्यामुळे आमच्या एनएसएसच्या गटाने ठरवलं की सुट्टीत घरी जाणाऱ्या प्रत्येकाने आपल्या गावच्या विहिरीचं, बोअरचं पाणी टीडीएस मीटरने मोजून आणायचं. मीटर काही शे रुपयांत मिळतो, बुडवला की आकडा दाखवतो. त्यातून सगळं कळतं असं नाही, पण क्षार किती हे तरी कळतं. गावाचं नाव, तारीख, आकडा. हे नीट रकान्यांत छापून ग्रामपंचायतीला द्यायचं. एवढं काम करणारं छोटं पॅकेज मला लिहायचं होतं, म्हणजे दुसऱ्या तालुक्यातल्या कोणालाही ते वापरता आलं असतं.

पेन ड्राइव्हवरच्या साच्यात चाचण्या होत्या, आणि सगळ्या हिरव्या! त्यांत शब्द होते 'फू', 'बार' आणि 'हॅलो'. मी त्यांच्या जागी आमची गावं टाकली. सोनाळा, टुनकी, पातुर्डा, वानखेड, बावनबीर, वरवट बकाल, संग्रामपूर. आणि मग मजा सुरू झाली.

जावास्क्रिप्टला विचारा, 'सोनाळा' ह्या शब्दाची लांबी किती? ती सांगते ६. तुम्ही-आम्ही म्हणू ३. कारण ती काना, ओकार वेगळे मोजते. 'पातुर्डा' आपल्याला ३ अक्षरी, तिला ८. 'टुनकी' आपल्याला ३, तिला ५. 'संग्रामपूर' आपल्याला ५, तिला सरळ १०! आता रकाना १२ घरांचा ठेवून उरलेली जागा रिकाम्या घरांनी भरायला सांगितली, की ती संग्रामपूरपुढे २ घरं सोडते आणि सोनाळ्यापुढे ६. पडद्यावर आकड्यांची रांग अशी दिसते की जणू दारू पिऊन चालली आहे. सात गावं आणि दोन महिने असले की एप्रिलचा आकडा मेच्या रकान्याखाली जाऊन उभा राहतो.

तारखेचं तर विचारूच नका. साच्यात तारीख छापण्याचं तयार फंक्शन होतं, अमेरिकन पद्धतीचं, महिना आधी. ५ एप्रिलला ते ४/५ लिहितं. आमच्या ग्रामसेवकाला ती ४ मे वाटणार, आणि त्याचं काही चुकलेलं नसणार. पाण्याच्या बाबतीत एक महिना इकडेतिकडे होणं म्हणजे पाऊस जवळ आला की नाही एवढा फरक.

गावांची यादी वर्णक्रमाने लावायला घेतली तर तिथेही तेच. युनिकोडमध्ये 'ळ'चा नंबर 'ल'च्या लगेच नंतर लागतो. आपल्या पाटीवर तो 'ह'च्या नंतर. नुसतं 'सॉर्ट' म्हटलं की जावास्क्रिप्ट युनिकोडचे नंबर बघते, बालवाडीची पाटी नाही.

यातलं काहीही जावास्क्रिप्टला जमत नाही असं मात्र नाही हं! मराठी पद्धतीने तुलना करायची सोय आहे, तारीख आणि आकडे मराठीत, अगदी देवनागरी अंकांत लाखा-हजारांचे स्वल्पविराम देऊन छापायची सोय आहे, शब्दाची अक्षरं आपल्या डोळ्याला दिसतात त्याच्या जवळपास तोडणारं 'इंटल सेगमेंटर' आहे. नोड १३ पासून, म्हणजे २०१९ पासून, सगळ्या भाषांची माहिती त्यात आधीच भरलेली येते. त्याआधी नेहमीच्या नोडमध्ये फक्त इंग्रजी यायची. आज घरात सगळा किराणा भरलेला आहे, साच्यात फक्त तो वापरलेला नाही. कारण साचा करणाऱ्याला 'फू' आणि 'बार' पुरत होतं. त्याने वाईट केलं असं माझं म्हणणं नाही. त्याच्या गावात ळ नव्हता, एवढंच.

रिकामी घरं भरण्यावरून आठवलं. मार्च २०१६ मध्ये ह्याच क्षुल्लक कामावरून जगभरचे प्रोग्रामर काही तास हातावर हात धरून बसले होते. 'लेफ्ट-पॅड' नावाचं ११ ओळींचं पॅकेज होतं, काम एकच, शब्दाच्या डाव्या बाजूला रिकाम्या जागा भरायच्या. त्याचा लेखक अझेर कोचुलू. त्याच्या दुसऱ्याच एका पॅकेजच्या नावावरून एका कंपनीशी वाद झाला, एनपीएमने कंपनीच्या बाजूने निकाल दिला, आणि ह्याने रागावून आपली अडीचशेहून जास्त पॅकेजेस एका झटक्यात काढून घेतली. 'बेबल'सारखं मोठं साधन त्या ११ ओळींवर कुठेतरी आत टेकलेलं निघालं. ज्यांनी लेफ्ट-पॅडचं नावही ऐकलं नव्हतं त्यांचे प्रकल्प उभे राहीनात. शेवटी एनपीएमने ते पॅकेज परत ठेवलं, आणि पुढे पॅकेज मागे घेण्याचे नियम कडक झाले. आज ७२ तास उलटल्यावर ते सहज मागे घेता येत नाही. जावास्क्रिप्टमध्ये हे काम २०१७ च्या आवृत्तीपासून आपसूकच आलं. (आणि तेही संग्रामपूरला १० मोजतं, ही त्यातली गंमत.)

तुम्ही म्हणाल हा जुना किस्सा झाला. मग नवा घ्या. सप्टेंबर २०२५ मध्ये 'चॉक' आणि 'डीबग' ही पॅकेजेस सांभाळणाऱ्याला एनपीएमच्या नावाने खोटा ईमेल आला, त्याचं खातं हातातून गेलं, आणि त्या दोघांसकट दीड डझन पॅकेजेसमध्ये चोराचा कोड शिरला. ही पॅकेजेस आठवड्याला अब्जावारी वेळा डाउनलोड होतात. त्याच महिन्यात 'शाय-हुलूद' नावाचा किडा आला. तो इन्स्टॉल होतानाच चालायचा, मशीनवरचे पासवर्ड-टोकन शोधायचा, आणि ज्याचं टोकन सापडलं त्याच्या बाकीच्या पॅकेजेसमध्ये स्वतःची प्रत टाकून ती पुन्हा प्रकाशित करायचा. ५०० हून अधिक पॅकेजेसना त्याची लागण झाली. आता विचार करा, पेन ड्राइव्हवरचा आपला साचा 'इन्स्टॉल' म्हटलं की किती पॅकेजेस ओढून आणतो? शेकडो! त्यातली आपण मागितलेली दहा-बारा, बाकीची त्यांच्या पोटातली. माझ्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर एक वेळा इन्स्टॉल केलं की दिवसाचा डेटा संपतो ते दुःख वेगळंच.

साचा हा एका माणसाचा निर्णय असतो, पण तो राबतो सगळ्यांच्या घरात. ज्याने घेतला त्याला तो निर्णय आहे हेच दिसत नाही. लायसन्स कोणतं ते ठरलेलं, कोणावर विसंबायचं ते ठरलेलं, तारीख कशी लिहायची ते ठरलेलं. आपण ठरवलं फक्त नाव.

मैत्रीण म्हणते, "मग काय पहिल्या वर्षाच्या पोट्ट्यांनी सगळं हातानं लिहावं?" तिचा मुद्दा खोटा नाही. मी स्वतः पाहिलंय, वरवट बकालचा, बावनबीरचा मुलगा पहिल्यांदा पॅकेज करायला बसतो तेव्हा त्याचे तीन दिवस नुसते कॉन्फिगरेशनमध्ये जातात. आयात करायची जुनी पद्धत वेगळी, नवी वेगळी, दोन्ही एका फाइलमध्ये आल्या की लाल अक्षरांची रांग, आणि ती लाल अक्षरं इंग्रजीत. मला कॉन्व्हेंटमुळे ती निदान वाचता तरी येतात. ज्याला येत नाहीत तो चौथ्या दिवशी सोडून देतो आणि हे आपलं काम नाही असं ठरवतो. त्याच्या हातात चालता साचा देणं हे उपकाराचंच काम आहे. साचा नको म्हणणारे लोक बहुधा ज्यांना हे सगळं येतं तेच असतात.

पण तयार साचे म्हातारेही होतात. फेसबुकने २०१६ मध्ये 'क्रिएट रिॲक्ट ॲप' काढलं, एका आज्ञेत सगळा प्रकल्प उभा! कितीतरी पुस्तकं, व्हिडिओ, क्लासेस त्यावर चालले. फेब्रुवारी २०२५ मध्ये रिॲक्टच्या लोकांनीच जाहीर केलं की नवीन कामासाठी हे आता वापरू नका. एवढ्या मोठ्यांच्या साच्याला नऊ वर्षांत पेन्शन, तर आपल्या पेन ड्राइव्हवाल्याचं वय कोण विचारतो?

आमच्याकडे सोयाबीनवाल्यांची एक पद्धत आहे, ती मला इथे फार लागू वाटते. सोयाबीनचं घरचं बियाणं चालतं, दरवर्षी पाकीट विकत घ्यावं लागत नाही, कृषी खातंही ते वापरा म्हणून सांगतं. पण सोबत हेही सांगतं की पेरणीआधी त्यातले १०० दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळा, आठवडाभरात किती उगवले ते बघा. ७० च्या वर उगवले तर पेरा, कमी असतील तर बियाणं वाढवा. पोतं घरचं आहे म्हणून कोणी डोळे मिटून पेरत नाही. आजोबांच्या पिढीतला शाळा न शिकलेला माणूससुद्धा दाणे मोजतो. आपण मात्र कॉम्प्युटर इंजिनिअर!

म्हणून मी माझ्यापुरता एक घरचा साचा तयार केलाय. त्यात बाहेरचं एकही पॅकेज नाही. चाचणी घ्यायला नोडमध्येच आता सोय आहे, १८ व्या आवृत्तीत आली आणि २० व्या आवृत्तीत पक्की झाली, त्यामुळे त्यासाठी काही ओढून आणावं लागत नाही. पॅकेज.जेसनमध्ये लेखकाची जागा मुद्दाम कोरी ठेवली आहे आणि ती भरल्याशिवाय चाचणी पासच होत नाही. दुसऱ्याचं नाव घेऊन फिरायला नको. कोणत्या फाइली बाहेर जाणार त्याची यादी आधीच लिहिलेली आहे, कारण नाहीतर पासवर्डची फाइल गाठोड्यात चुपचाप बांधली जाते. प्रकाशित करण्याआधी 'एनपीएम पॅक' सुकं चालवून बघितलं की काय जाणार ते दिसतं, ती आज्ञा रीडमीमध्ये सगळ्यात वर आहे. रीडमी मराठीत आहे. प्रत्येक ओळ का आहे हे एका वाक्यात लिहिलंय, आणि ज्या ओळीला कारण सापडलं नाही ती काढून टाकली. अशा बऱ्याच निघाल्या.

आणि चाचणीत 'फू-बार'च्या जागी आमची सात गावं आहेत. नवीन पॅकेज कशाचंही असो, त्याने पहिल्या दिवशी पातुर्डा आणि सोनाळा न मोडता इकडून तिकडे नेऊन दाखवायचं. ४/५ अशी तारीख आली की चाचणी लाल.

रकान्यांचा प्रश्न मात्र ह्याने पूर्ण सुटला नाही, हे सांगितलं पाहिजे. अक्षरं बरोबर मोजली तरी 'र्डा' आणि 'र' पडद्यावर सारखी जागा घेत नाहीत, आणि फाँट बदलला की सगळं पुन्हा हलतं. मी शेवटी रिकामी घरं मोजणं सोडलं आणि रकान्यांमध्ये सरळ टॅब टाकून ती फाइल स्प्रेडशीटमध्ये उघडली. ग्रामपंचायतीत तीच चालते.

नावाचीही एक अडचण उरतेच. कोडच्या आत मी 'गाव', 'आकडा' अशी देवनागरी नावं देऊ शकते, जावास्क्रिप्टला ती बिनतक्रार चालतात. पण एनपीएमवर पॅकेजचं नाव देवनागरीत ठेवता येत नाही. तिथे इंटरनेटच्या पत्त्यात चालणारी अक्षरंच लागतात. म्हणजे उंबरठ्यापर्यंत मराठी, पाटी मात्र रोमन. ह्यावर माझ्याकडे उपाय नाही.

साचा एकट्या माझा राहिला तर दोन वर्षांनी मी पास होऊन गेल्यावर तोही पेन ड्राइव्हवरचं भूत होणार. म्हणून तो लॅबच्या सर्व्हरवर ठेवण्याची परवानगी सरांकडे मागितली आहे, आणि दर वर्षी तिसऱ्या वर्षातल्या दोघांनी तो ओळीओळीने वाचून त्याखाली आपली नावं आणि तारीख लिहायची असं सुचवलंय. सर 'बघू' म्हणालेत. तोवर दुसऱ्या तालुक्यांतल्या मित्रमैत्रिणींनी आपापल्या गावांची नावं मला आणून द्यावीत. क्ष, ज्ञ, ळ असलेली, जोडाक्षरांची, अनुस्वाराची, जितकी अवघड तितकी आधी. तेल्हारा, अकोटवाल्यांनी विशेष मनावर घ्यावं, त्यांच्याकडून अजून एकही आलेलं नाही.